एकशे एकावन्न

नळीवर नाव: कल्लाप्पा शिवलिंग मगदूम,
वय एकसष्ट, वॉर्ड चार.
मशीनला नाव कळत नाही, नंबर कळतो.
मिरजेच्या लॅबमध्ये रात्री अडीचला
क्लोराइड आलं एकशे एकावन्न.

एवढं मीठ रक्तात घेऊन माणूस
खाटेवर बसून भिंतीशी कसा बोलेल?
पुन्हा लावलं. एकशे एकावन्न.
कंट्रोल लावला, तो बरोबर.
तिसऱ्यांदा लावताना हात कापला.
नळीतलं रक्त माझ्या बापाचं होतं.

आप्पा सांगलीच्या यार्डात हळदीचे तोलार,
चौतीस वर्षं काट्यासमोर.
घरी यायचे कानाच्या पाळ्यांपर्यंत पिवळे.
आई म्हणायची, रोज नवरदेव येतो दारात.
मग खोकला. "धुरळा हाय गं, दुसरं काय."
खिशात बाटली. टोपणाचं माप कधीच सुटलं,
आधी दोन दिवसांना एक,
मग दिवसाला एक,
मग कुणी मोजलं नाही.

दिवाळीनंतर जीभ जड झाली.
गालावर पुटकुळ्या, साठीत, मिसरूड फुटल्यासारख्या.
चालताना उजवीकडे कलायचे.
ऐन सौद्यात छपन्न किलोच्या पोत्याला
पासष्ट म्हणाले,
आणि यार्डभर झालं: तोलाराचा तोल गेला.
अडत्यानं तोंडाचा वास घेतला.
वास नव्हता. तरी म्हणाला, पितोय.
इब्राहिम हमाल तेवढा म्हणाला,
"पिणारा लाजतो ओ. ह्यो हरवलाय."
मीसुद्धा, सांगायला हवं,
आईला म्हटलं होतं, कपाटं तपास.

सकाळी मॅडमनी आकडा बघितला
आणि विचारलं, "खोकल्याला काय घेतात?"
आईनं माळ्यावरचं पोतं आणलं.
ओतलं तर एकाहत्तर बाटल्या,
तळाशी चिकट, मुंग्या लागलेल्या.
लेबलावर मुंगीएवढ्याच अक्षरांत
डेक्स्ट्रोमिथॉर्फन, आणि त्याच्या शेपटाला
हायड्रोब्रोमाइड.
शेपटं कोण वाचतं?

औषध निघून जातं, ब्रोमाइड बसून राहतं.
मशीनला ते ओळखू येत नाही,
क्लोराइड समजून मोजतं.
पुढं आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले,
"तुझ्या काट्याला पासंग हाय."

लहानपणी हरिपुरात पेव उघडताना बघितलंय.
झाकण काढल्या काढल्या कुणी उतरत नाही.
आधी बरी हवा आत जाऊ देतात,
मग दोरीनं कंदील सोडतात.
कंदील विझला तर काठावर बसून राहायचं.

आम्ही बसून राहिलो.
उपाय काय, तर मीठच.
थेंब थेंब सलाइन, आणि लघवीवाटे ते बाहेर.
नुसतं सोडलं असतं तर बारा दिवसांत निम्मं,
मग उरलेल्याचं निम्मं.
एकशे अडतीस. एकशे सव्वीस.
आई म्हणाली, खाल्ल्या मिठाला जागला गं देह.

सहाव्या दिवशी भिंतीशी बोलणं थांबलं.
नवव्या दिवशी सलाइनची भरलेली बाटली
तळहातावर घेऊन डोळे मिटले.
"पाचशे चाळीस."
मी गुपचूप लॅबच्या काट्यावर ठेवली.
पाचशे एकेचाळीस.

खोकला अजून आहे.
यार्डात हंगाम चालू आहे.
नाकाला बांधायला फडकं दिलंय मी,
ते खिशात असतं,
बाटलीच्या जागी.