क्लचवरची दोन बोटं

ओल्द्रिख पोस्टातून निवृत्त झाला,
तरी शनिवारी पहाटे गॅरेजात दिवा असतो.
एरंडेलाचा वास त्याच्या कोटाला,
आमच्या पावालासुद्धा.

टू-स्ट्रोकचं काही खरं नसतं, म्हणतो,
पिस्टन सिलिंडरला कधी मिठी मारेल नेम नाही.
म्हणून डाव्या हाताची दोन बोटं
कायम क्लचवर.

यंदा विसोचिनातल्या उतारावर
मारलीच.
बोटं मिटली, चाक मोकळं झालं,
गवताच्या गठ्ठ्यांपाशी नुसताच घरंगळत आला.
नंबर नाही की काही नाही,
निळ्या धुरामागून हसतोय.

रात्री झोपेत
त्याचा हात माझ्या मनगटावर येतो.
अंगठा सैल. करंगळी सैल.
ती दोन मात्र
जराशी वाकलेली,
जागी.