नख अडकतं का, बघ

नोव्हेंबरात एल्ब्लाँगला साडेतीनलाच दिवे लागतात.
गॅरेजांच्या रांगेत चौदावं शटर माझं.
हाल्श्का गाडी घेऊन आली, इतकी हळू
की ढकलत आणल्यासारखी.
उतरून पुढच्या उजव्या चाकापाशी उभी राहिली,
फळ्यासमोर गणित न सुटलेल्या पोरीसारखी.

"आई परवा येतेय. नॉर्वेहून."

गुडघ्याखाली पोतं घेतलं. चाक पुसलं.
मीठ, काजळी, ब्रेकची तांबूस धूळ.
मग ओरखड्यावर आडवं नख फिरवलं.
बघ, नख सरकून गेलं
तर जखम वरच्या काचेसारख्या थरातच असते:
दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, पाणी,
अर्ध्या तासात तू घरी.
नख अडकलं.
तीन बोटं लांब, आतलं अ‍ॅल्युमिनियम उघडं,
आणि कडेने लॅकरखाली
पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा सरकत निघालेल्या.
"आजचं नाही हे."
"पंधरा दिवस झाले. औषधाच्या दुकानासमोर,
फुटपाथची कड."

मिठाला पत्ता सांगावा लागत नाही.

टायरची हवा सोडली. टायर आणि रिमच्या फटीत
पत्ते खोचत गेलो, रबरावर रंग उडू नये म्हणून.
चोवीस पत्त्यांचा जुना जोड,
आता कुणी खेळायला येत नाही.
बदामच्या राणीचा अर्धा चेहरा
मागच्या कामांनी चंदेरी झालेला.
ते बघून हाल्श्का पहिल्यांदा हसली.

घासू लागलो. लॅकर गेला, चंदेरी गेला,
आणि त्याखाली आणखी एक चंदेरी लागला,
किंचित निळसर.
हा माझाच हात.
दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने मला
चुकीच्या छटेचा डबा दिला होता.

इर्मिना तेव्हा इथेच उभी होती, याच चाकापाशी,
हातमोजे काढत, घालत.
"पोरीला सांगू नका हं.
गाडी जपून चालव म्हणून मी रोज तिचं डोकं खाते."
औषधाच्या दुकानासमोर, फुटपाथची कड.
राणी बघून तीही हसली होती.

मी पेपर पाण्यात बुडवला. घासत राहिलो.
निळसर ठिपका लहान होत होत गेला.

पुटीन. प्रायमर. चंदेरीचे दोन हात.
हीटरसमोर आम्ही चहा प्यायलो,
ती मोबाइलवर बोटींची वेळापत्रकं बघत.
मग लॅकर, पातळ, एका दमात,
श्वास धरून, जणू आरशावर वाफ नको.

"आईला कळेल?"
"आठवडाभर धुऊ नकोस," मी म्हणालो.
पैसे तिने मोजून दिले, सगळी चिल्लर.

हवा भरली, पत्ते ओढून काढले, शटर पाडलं.
रात्री मोजले तर तेवीस.
पुन्हा मोजले.
राणी चाकातच राहिली, बदामची,
चंदेरी गाल बाहेर काढून.

सकाळी जाऊन काढून आणता आली असती.
सकाळी गुडघे दुखत होते.