सात प्रकारचे ‘हं’

चारचौघींसारखी वाग, आई म्हणायची.
मी विल्यांदीभर शोधल्या त्या चौघी,
बाजारात, ग्रंथालयात, तळ्याकाठच्या बाकांवर.
एक सापडायची, कधी दोन,
चार एकत्र कधीच नाहीत.
तरी नक्कल उतरवत राहिले:
हसण्याची उंची हेल्वेकडून घेतली, माझ्या बहिणीकडून,
‘कशी आहेस’नंतर किती थांबायचं ते बेकरीतल्या बाईकडून,
आणि डोळ्यांत बघायचं म्हणजे
भुवयांच्या मधोमध बघायचं,
तीन मोजून नजर बाजूला,
ही युक्ती माझी स्वतःची.

आमच्याकडे एस्टोनियात माणसं मोजकं बोलतात.
शेजारी शेजाऱ्याला वर्षातून दोनदा हात करतो,
त्यातला एकदा बर्फ उपसताना.
अशा देशात मी,
शेवाळावर चाळीस मिनिटं बोलणारी.
लाल शेवाळ, तपकिरी शेवाळ,
मेल्यावरही पाणी धरून ठेवणारं शेवाळ.
लोक कॉफी गार होईस्तोवर ऐकायचे,
मग म्हणायचे, “हं.”
त्या ‘हं’चे मी सात प्रकार केले होते,
वहीत, तारखेसकट.

दर मंगळवारी दलदलीत जाते,
फळ्यांच्या वाटेने, बावीस नळ्यांमधली पाणीपातळी मोजायला.
तिथे मला कुणी नीट वाग म्हणत नाही.
हात फडफडतात, फडफडू देते.
अकराव्या नळीपाशी एक वाकडा पाइन आहे,
माझ्या वयाचा असेल, उंचीला माझ्या कमरेइतका.
त्याला कुणी खुरटा म्हणालं तर मला राग येतो.

पन्नासाव्या वर्षी कागद मिळाला.
ऑटिझम, आणि खाली पिरेत नावाच्या डॉक्टरची सही.
आई म्हणाली, आता या वयात काय करायचंय ते?
म्हटलं, चष्माही याच वयात लागला होता.
ती म्हणाली, हं.
(तिसरा प्रकार.)

ऑगस्टमध्ये हेल्वेची साठी. एकतीस पाहुणे,
एक अकॉर्डियन, काट्याचमच्यांचा खणखणाट.
पिशवीत मी भाच्याच्या त्या नारिंगी वाट्या नेल्या होत्या,
करवत चालवताना कानांवर घालतात त्या.
“आज तरी नको,” हेल्वे म्हणाली.

आज तरी.
बाबांना पुरलं तेव्हा आज तरी,
माझ्या लग्नात आज तरी,
घटस्फोटाला, कचेरीच्या जिन्यात,
आज तरी जरा नीट.
पन्नास वर्षं निव्वळ आज-तरीची.
उद्या कुणी दिलाच नाही.

घातल्या.
आणि अकॉर्डियनचा मासा झाला,
कल्ले उघडणारा, मिटणारा.
मी डुलायला लागले, मागेपुढे,
न्हाणीघराच्या दाराआड डुलते तशी,
फक्त आता दार नव्हतं.
लीन्दा मावशीचा घास हातातच राहिला.
भाचा तेवढा येऊन शेजारी बसला,
काही न बोलता बटाटे खात.
मला केक आवडला. दोन तुकडे खाल्ले.
हे आधी कधी झालं नव्हतं,
समारंभातल्या केकला चव असणं.

हेल्वेने पुढे तीन आठवडे फोन केला नाही.

चौथ्या मंगळवारी ती वाटेच्या तोंडाशी उभी,
नवऱ्याचे गमबूट घालून, दोन्ही पायांना मोठे.
मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली.
सातची सात तिने एकसारखी काढली नाही,
ते मी सोडून दिलं. जवळजवळ.
पाइनपाशी थांबली.
“तू दमायचीस का गं?
सगळी वर्षं?”
मी तिच्या भुवयांमध्ये बघायला गेले,
एक, दोन,
आणि राहू दिलं. खाली पाण्याकडे बघितलं.
“हो,” म्हटलं. “रात्री दात दुखायचे.
हसून हसून.”

बराच वेळ फळीखाली बुडबुडे आले.
मग बुटाच्या टोकाने दाखवत तिने विचारलं,
हे लाल कुठलं?

किती वेळ आहे तुझ्याकडे, मी विचारलं.

ती फळीवरच बसली, ओल्या फळीवर,
चांगल्या कोटासकट,
आणि म्हणाली, “हं.”

आठवा प्रकार.
वही घरी होती.