ताण

संत्र्याच्या बागेला ताण द्यावा लागतो.
पाणी तोडायचं, दिवस मोजायचे,
पानं वळून पिवळी पडली
की एका सकाळी पाट सोडायचा.
झाड घाबरून फुलतं.
गुंफाबाईने पस्तीस वर्षं
मोजूनमापून तहान दिली बागेला,
औषध द्यावं तशी.

औंदाचा ताण तिने दिलेला नाही.
तो आपणच येऊन बसला
आणि तोडायचा कुणी, हे कुणाला माहीत नाही.
नऊशे फुटांवरून बोअरने राखी भुकटी वर काढली,
ती अजून बांधावरच्या निंबावर आहे.

मी डोळे भरणारा माणूस.
गावातली पोरं मला डोळ्यांचा डॉक्टर म्हणत.
जांभेरीच्या खोडाला चाकूने चीर द्यायची,
संत्र्याचा एक डोळा आत बसवायचा, पट्टी बांधायची.
एकवीस दिवसांनी सोडून बघायचं:
हिरवा असला तर लागला,
काळा असला तर गेला.
इथली तीनशे दहा झाडं माझ्या हातची.
म्हणून तिने मलाच बोलावलं,
"तूनंच भरले होते न डोये,
आता तूच पाह्य, कोनतं जितं हाये."

नखाने साल खरवडत फिरलो.
हिरवं दिसलं तर चुन्याचा ठिपका,
नाही तर पुढे.
दुपार झाली,
चुन्याचा डबा भरलेलाच.

वीटभट्टीचा ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा.
ओलं लाकूड आम्हाला चालत नाही,
ड्रायव्हर आल्या आल्या म्हणाला होता;
मग दोन फांद्या मोडून बघितल्या
आणि मोबाइल काढून निवांत बसला.

नाल्याकडच्या शेवटच्या ओळीत
एका वाळक्या खोडाच्या बुडाशी
वीतभर कोंब. हिरवेगार.
गुंफाबाई खालीच बसली.
"फुटलं व माय!"

फुटलं खरं,
पण डोळ्याच्या खालून.
हे संत्रं नाही, जांभेरी आहे.
आंबट, काटेरी, नुसत्या बियांची,
जिचं फक्त मूळ आम्हाला हवं होतं
आणि जिचा प्रत्येक फुटवा
मी आजवर निपटून टाकला.
सवयीने हात खिशातल्या चाकूकडे गेला.

तिने पान चुरगळून नाकाशी धरलं,
बराच वेळ.
तिलाही कळलं असणार,
वासावरूनच कळतं ते.
"राहू दे," म्हणाली, "लोनच्याले होईन."
मग माझ्या हातातला डबा घेतला,
बोट बुडवलं
आणि त्या मेलेल्या खोडावर
ठिपका नाही,
कपाळाला लावावा तसा
आडवा पट्टा ओढला.