उघडी खिडकी

टेबलावर एक्केचाळीस अर्ज.
शिष्यवृत्त्या दोन.
आम्ही तिघं, आणि थर्मासात कालचीच असावी अशी कॉफी.

विनिपेगचा फेब्रुवारी: बाहेर
पापणीला पापणी चिकटते.
विद्यापीठाच्या चौथ्या मजल्यावर मात्र
हीटर असा रटरटतोय
की फ्रीसन बाह्या दुमडून बसलेत.

प्रश्न सर्वांना एकच:
समता आणि सामाजिक न्याय यांच्याशी आपली बांधिलकी
पाचशे शब्दांत स्पष्ट करा.

केली आहे. सगळ्यांनी स्पष्ट केली आहे.
अकराव्या अर्जापर्यंत मी 'समता' मोजत होते,
मग सोडून दिलं.
पोरं खरी आहेत, शब्दही खोटा नाही,
पण रोज घासलेल्या भांड्यासारखा
इतका लखलखीत झालाय
की त्यात आपलाच चेहरा दिसतो फक्त.

एकोणतिसावा अर्ज हाताने लिहिलेला.
वेर्ना लिंकलेटर, शिक्षणशास्त्र, तिसरं वर्ष.
सराव पाठांसाठी उत्तरेला, आत्याच्या गावी गेलेली,
जिथे इंटरनेट वाऱ्याच्या मर्जीवर
आणि रस्ता, तळं गोठलं तरच.

*तिसरीत जेरेमाया नावाचा मुलगा आहे,* ती लिहिते,
*तो जाकीट काढत नाही.
शाळेचा नियम: जाकिटं खुंटीला.
आधीच्या बाईंनी त्याला दोनदा बाहेर उभं केलं.
मी काही विचारलं नाही.
चेन जरा खाली सरकली तेव्हा दिसलं,
आत शर्ट नव्हता.*

*शर्ट नंतर दिला, मावशीच्या हातून, कुणाला न कळता.
पण त्या सकाळी वीस मुलं त्याच्याकडे बघत होती.
म्हणून मी खिडकी उघडली.
उणे एकतीस.
म्हटलं, वर्गात फार कोंदट झालंय,
सगळ्यांनी जाकिटं घाला.
पेनं गोठली. बेरजा तोंडी केल्या.
डिझेल वाया घालवलं म्हणून मुख्याध्यापकांनी
लेखी समज दिली आहे.
सोबत जोडते.*

एवढंच. खाली सही.
आणि खरंच, टाचणीने टोचलेली ती समज.

ओदार्का चष्मा पुसते. बराच वेळ पुसते.
फ्रीसन पाकीट उलटं करून शिक्का बघतात.
चार दिवस उशीर.

धुकं असेल, विमान उतरलं नसेल, मी म्हणाले.
असेल, ते म्हणाले.
माणूस वाईट नाही.
दर नाताळला निर्वासितांसाठी शंभर पाव भाजतो.
पण तारीख म्हणजे तारीख.
एकीला सूट म्हणजे चाळीस जणांवर अन्याय.
नियम सगळ्यांना सारखा.
शिवाय 'बांधिलकी'च्या रकान्यात गुण कशाला द्यायचे?
तो शब्दच नाही कुठे.

सारखा.
मी जिभेवर फिरवून पाहिला.
बत्तीस वर्षं मीही फळ्याशेजारी उभी राहून
जाकिटं खुंटीला, म्हणत आले.
एक मुलगी होती,
दिवसभर ओल्या बुटांतच बसायची.
नाव आठवत नाही.
बूट आठवतात.

वाद घालणं मला कधीच जमलं नाही.
मी उठले.
खिडकीची कडी रंगाने चिकटलेली,
तळहाताने दोन फटके मारावे लागले.

हवा आली ती थेट कागदांवर.
अर्ज फडफडले. ओदार्काने त्यांच्यावर थर्मास ठेवला,
का, म्हणून विचारलं नाही.
फ्रीसन माझ्याकडे बघत राहिले,
मग बाह्या खाली केल्या,
बटणं लावली,
मग खुर्चीच्या पाठीवरचा कोट.

तिघांचे कोट अंगावर चढल्यावर
मी खुर्ची पुढे ओढली.
म्हटलं, हं,
आता बोलू तारखेबद्दल.