औटकी

सोहार बंदर. रात्रपाळी.
टोर्बेन रीफर मोजतो त्याच्या डॅनिशमध्ये,
मी शीटवर काड्या ओढतो.
साठला ट्रेस. ठीक.
सत्तरला हालफ्येर्स.
म्हटलं, ह्याची फोड काय?
त्याने खांदे उडवले. सत्तर म्हणजे सत्तर.

पहाटे केबिनमध्ये, करक चहा निवत असताना,
मोबाइलमध्ये शोधून म्हणाला,
'अर्धा चौथा. गुणिले वीस.'
आणि हसला, थोडा खजील.

अर्धा चौथा!
तीन पुरे, चौथा निम्मा.
अरे, हे तर आमचं औट,
गुळेकर मास्तरांनी पट्टीच्या धाकाने
घोकून घेतलेलं,
बे औटे सात, तीन औटे साडेदहा,
पुढे कधी कशाला लागलं नाही.
आणि हर्णैच्या लिलावात आई
बांगडे विसांनीच मोजायची.
औट विसा बांगडे. सत्तर.

कागदावर मांडून दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला
स्वतःच्या सत्तरकडे.

मग वयावर आलो.
तो पुढल्या महिन्यात हालट्रेस,
म्हणजे अडीच विसा,
तिसरी विशी अर्धी भरलेली.
आणि तू?
एकोणपन्नास.
फोड?
पन्नास, पण एक उणा.
आम्ही आधी पुढचा आकडा धरतो,
मग त्यातून वजा होतो.
ह्यावर तो हसला नाही.

बाहेर क्रेनखाली एकोणसत्तर रीफर,
शीटवर सत्तर.
पुन्हा मोजायला निघालो दोघं,
आपापल्या तोंडाने.