हिरवा पट्टा

सौनाच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी घर बांधलं.
जूनमध्ये मुठीएवढं, कागदी, करडं;
ऑगस्ट लागला तेव्हा कोबीच्या गड्ड्याएवढं.
लाकूड माझ्याच कुंपणाचं.
सकाळी कान दिला की कुरतडल्याची खरखर ऐकू यायची.
हयातीत एंदेलनं त्या कुंपणाकडे
इतकं लक्ष दिलं नव्हतं.

शेजारचा काल्यू म्हणाला, पावडर आहे माझ्याकडे.
रात्री जायचं, टॉर्चला लाल कागद लावून,
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे.
भोकावर मारायची आणि पळायचं.
पळायचं म्हणाला!
दोघांचेही गुडघे बदललेले.

बघू, म्हटलं मी.

रविवारी गवतातलं सफरचंद उचललं.
त्याच्या पोटात एक जण जेवायला बसली होती.
तिनं नेमकी अनामिका धरली.
तासाभरात बोटाचं वांगं झालं,
अंगठी आत रुतली.
साबण झाला, लोणी झालं, दोरा गुंडाळून झाला,
हलेना.
देणाऱ्याचाच स्वभाव,
एकदा बसला की उठायचं नाव नाही.

व्होरूच्या दवाखान्यात
एका पोरगेल्या नर्सनं ती छोट्या चक्रीनं कापली.
"सोनार जोडून देतात," म्हणाली,
आणि तोंड वासलेली अंगठी
गोळ्यांच्या पुडीत घालून दिली.
परतीच्या बसमध्ये मी बोटाकडे बघत बसले.
बेचाळीस वर्षं ऊन न पाहिलेली
गोरी, ओलसर कातडी.
कुणा दुसरीचीच वाटली.

रात्री काल्यू आला,
डोक्यावरून बायकोचा जुना जाळीचा पडदा ओढून.
आम्ही वळचणीखाली उभे राहिलो.
आतून बारीक आवाज,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.
डबा हलवत तो कुजबुजला, "मारू?"

"थांब. थंडी कडकली की आपोआप मरतील."
"दोन महिने आहेत त्याला."
"दोन महिने सौना पेटवणार नाही मी."

आमच्याकडे असं कुणी बोलत नाही.
काल्यूनं पडदा वर करून
माझं डोकं ठिकाणावर आहे का ते पाहिलं.
मग म्हणाला, "शनिवारी माझ्याकडे ये.
झाडूची पानं ताजी आहेत, बर्चची."

ऑक्टोबर संपता संपता
शिडी लावून घर उतरवलं.
वजन काहीच नाही.
आत दोन-चार मेलेल्या, पाय जुळवून.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजेडात फिरवून पाहिलं:
करड्यावर करडा, पट्ट्यावर पट्टा, सगळं कुंपण,
आणि मध्येच एक बोटभर हिरवा.

फाटक.
एंदेलनं रंगवलं होतं,
एकदाच.